बिनतोंडाची गाडी

रोपवाटिकेची जुनी व्हॅन भंगारात गेली आणि घरात दोन पक्ष पडले.

थोरल्या भावाला मोठा पिकअप हवा होता. पुढे उंच बॉनेट, मागे मोकळा हौदा. धाकट्याला मोटार हवी होती, मागची सीट आडवी करता येईल अशी. एकाच गाडीत रोपंही जातील आणि माणसंही, असं त्याचं म्हणणं.

"मोटारीत पाम कसा नेशील?" थोरल्याने जेवताना विचारलं. "त्याला मान खाली घाल म्हणशील?"

"आणि तुझ्या रणगाड्याला डिझेल पाजून आपण काय खायचं? रोपं?"

थोरल्याची बायको समोरच जेवत होती. खरं तर गाडी चालवणार होती तीच. व्हॅनही तीच चालवायची. गिऱ्हाइकांकडे रोपं पोचवायची, कुंडीला ऊन कुठे मिळेल ते दाखवायची आणि आधी दिलेली रोपं कशी वाढलीत तेही बघून यायची. फेरी संपवून आली की उरलेला दिवस तेच सांगत असायची. उंचीने ती एवढीशी, म्हणून घरात सगळे तिला चिमणी म्हणत. फक्त धाकटा दीर वहिनी म्हणे.

"पिकअप वहिनीला झेपायचा नाही," धाकटा म्हणाला.

"नाही झेपला तर ड्रायव्हर ठेवू. चिमणे, तू आपली गल्ल्यावर बस. ना ऊन, ना धूळ."

आपण बायकोच्या सोयीचंच बोललो, असं त्याला मनापासून वाटलं. तिच्या हातातला घास मात्र हातातच राहिला.

सुट्टीच्या दिवशी सगळे गाड्या बघायला निघाले, सासूबाईसुद्धा. चिमणीने सोबत लिंबाच्या रोपाची एक कुंडी घेतली.

"हे कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"त्यालाही गाड्या बघू द्या."

शोरूममधला विक्रेता दोघा भावांशीच बोलत होता. चिमणी पिकअपमध्ये चढली, सीट पुढे ओढली. नाक स्टिअरिंगला टेकायचं तेवढं राहिलं.

"उशी आणू का, वहिनी?"

"आणा, आणि तुम्हीच डोकं टेका तिच्यावर."

ती खाली उतरली, कुंडी बॉनेटच्या अगदी पुढ्यात ठेवली आणि पुन्हा चढली. "लिंबू दिसत नाही."

"तुला कसं दिसेल? तू चिमणी!"

"मग तुम्ही बसा की."

थोरला ऐटीत बसला. त्याने मान उंच केली, मग डावीकडे वाकला, मग सीटवरून अर्धा उठला. लिंबू काही दिसेना.

प्रत्येक बॉनेटच्या पुढे जमिनीचा एक तुकडा असा असतो, की तो चालवणाऱ्याला दिसत नाही. बॉनेट जितकं उंच, तितका तो तुकडा मोठा. उंच माणसालाही तो चुकत नाही, थोडा लहान होतो इतकंच.

"रस्त्यात कुंडी कोण ठेवतं?" थोरला पुटपुटला.

"कुंडी नाही ठेवत कोणी. पण गिऱ्हाइकांच्या दारात पोरं खेळत असतात." तिने लिंबाच्या शेंड्यावर हात धरला. "एवढी एवढी."

थोरला उतरला. पिकअपचं नाव पुन्हा निघालं नाही.

धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मोटारीतून लिंबाचा शेंडा दिसत होता खरा. पण कुंडी मागे ठेवली तशी फांदी छताला टेकून दुमडली.

"एका लिंबाला मान वाकवावी लागतेय, भाऊजी. पामाचं काय करू?"

कोपऱ्यात एक छोटा टेम्पो उभा होता. पुढून सपाट, बॉनेट नावालाही नाही. दोघा भावांनी तो येतानाच नापास केला होता. चिमणी त्यात बसली. पाय क्लचला नीट पोचला आणि समोरच्या काचेतून लिंबाची पानं दिसली. मग तिने कुंडी हौद्यात चढवून बघितली. रोप ताठ उभं राहिलं.

"पुढे काहीच नाही हिला, वहिनी. धडकली तर थेट आपणच."

हे खोटं नव्हतं. तीही म्हणाली, "खरंय. मोठ्या रस्त्यावर मी हिला नेणार नाही. माझी फेरी गल्लीबोळांतली, तिथे सावकाशच जायचं असतं."

"पण शोभा काय हिची?" थोरला म्हणाला. "हिला तर तोंडच नाही."

"घरात दोन तोंडं आहेत, अहो. ती पुरेत."

सासूबाई इतक्या हसल्या की विक्रेताही वळून बघायला लागला. डोळे पुसत त्या मुलांना म्हणाल्या, "महिनाभर तुम्ही सगळं बसवलंत रे. किमतीत बसते का, फाटकात बसते का. चालवणारी बसते का, ते तेवढं राहिलं."

चक्कर मारून बघायला विक्रेत्याने सवयीने किल्ली थोरल्यापुढे केली. थोरल्याने ती घेतली, क्षणभर हातात खेळवली आणि बायकोला दिली.

"चिमणे, बस."

ती आत बसली. कुंडी तिने आधीच खाली काढून गाडीच्या पुढ्यात ठेवली होती. ती उचलायला थोरला टेम्पोसमोर वाकला. पार वाकला, तरी काचेतून तो तिला दिसत होता.