यादीत गेलेला पंखा

मी एक जुना छताचा पंखा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी रागावलेला आहे. आमच्यासारख्यांनी आपली कहाणी गोड आवाजात सांगायची असते. मला ते जमणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तांब्याची तार गुंडाळून माझं पोट भरलं, तिन्ही पाती वजन करून एकमेकांशी जुळवली आणि मला खोक्यात घातलं. दुकानातून मला एका बाईने विकत घेतलं. ती लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहून तिचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. तिने नुकत्याच दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. छताला नुसता हूक होता. "पंखा तुमचा तुम्ही आणा," असं मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हे नीट ध्यानात ठेवा.

मी तिथे जीव तोडून फिरलो. बाई कामावरून आली की माझ्याखाली फतकल मारायची आणि म्हणायची, "हुश्श! हा आहे म्हणून जगतेय बाई मी." तिची लेक वहीची पानं उडू नयेत म्हणून त्यावर वाटी ठेवून अभ्यास करायची. एकदा माझा कपॅसिटर गेला, तर बाईने त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला हाताला धरून आणलं.

भाड्याचा करार दरवर्षी संपायचा आणि एजंट उगवायचा. लेकीने त्याचं नाव शिक्केवाला ठेवलं होतं. वर्षभर नळ गळो नाहीतर भिंत ओली होवो, हा फोन उचलायचा नाही. करार वाढवायची तारीख आली की मात्र दारात हजर! मी वरून बघायचो. कागद तोच, मजकूर तोच, तारीख तेवढी बदललेली आणि खाली याचा शिक्का. तेवढ्यासाठी अर्ध्या महिन्याचं भाडं फी! मालक शेजारच्याच जिन्यात राहायचे. दोघांनी समोरासमोर बसून सह्या केल्या असत्या तरी भागलं असतं. बाईने तसं विचारलंही. मालक म्हणाले, "त्यातलं मला काही कळत नाही हो. ते एजंट बघतात." कळत नाही म्हणे! भाडं वाढवायचं बरं कळायचं.

चौथ्या वर्षी शिक्केवाल्याने कराराला एक यादी जोडली, मालकांच्या वस्तूंची. दारातूनच नजर फिरवून खरडलेली. बाई सही करणार, तेवढ्यात लेकीने मोठ्याने वाचलं, "नळ चार, दिवे तीन, पंखा एक. आई, पंखा तर आपला आहे ना!"

"अगं, नुसती फॉर्मॅलिटी आहे ती," शिक्केवाला हसला.

"मग खोडा की ते," बाई म्हणाली.

"खाडाखोड चालत नाही, ताई. नवा कागद करावा लागेल. त्याची फी वेगळी."

ऐकलंत? चूक याची आणि भुर्दंड तिला! त्या दिवशी मालकही सहीला आले होते, त्यांना सगळं ठाऊक होतं. ते खिडकीबाहेर बघत बसले. लेक पुन्हा बोलू लागली, तशी ते म्हणाले, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये." बाईनेही तिचा हात दाबला, "गप्प बस गं." शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलं होतं, सही केली नाही तर घर जाणार होतं. बाईने सही केली.

पुढच्या वर्षी भाडं इतकं वाढलं की तिला घर सोडावंच लागलं. इलेक्ट्रिशियन मला उतरवायला स्टुलावर चढला, तेव्हा शिक्केवाल्याने यादी पुढे केली. "पंखा मालकांचा. सही तुमचीच आहे, ताई." बाईने घाम पुसला आणि पिशव्या उचलल्या.

आता माझ्याखाली दुसरं कुटुंब राहतं. माझ्यावर धूळ साचली आहे, बेअरिंग करकरतं. मालक म्हणतात भाडेकरूने बघावं, भाडेकरू म्हणतो मालकांनी बघावं. शिक्केवाला मात्र माझ्याच वाऱ्यात बसून फी घेतो. वाटतं, निखळून पडावं त्याच्या टकलावर! पण खाली यांचं तान्हं झोपलेलं असतं.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, असं मी मागणार नाही. त्या दिवशी तो कागद वाचला एकट्या मुलीने, आणि तिला गप्प केलं तीन मोठ्या माणसांनी. त्यातली एक तिची आई होती. तुमच्या घरी असा कागद आला तर तो मोठ्याने वाचा. कुणी गप्प बस म्हटलं, तर पुढची ओळ आणखी मोठ्याने वाचा.