सलोनीचे प्रश्न ऐकणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे, आणि आधीच कबूल करते, स्वभावाने भारी चोंबडी आहे. माझा तरी काय दोष? ज्याला चारही दिशांना वळता येतं, त्याने एकाच दिशेला तोंड करून गप्प का बसावं? माणसं तुम्हाला चेहऱ्यावरून कळतात. मला ती पाठीवरून कळतात. खोटं बोलणारा माणूस बसल्या बसल्या किती वेळा सरकतो, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल.

माझा जन्म चाकणच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे जोडणीच्या टेबलापाशी स्वरूपा नावाची एक बाई काम करायची. खुर्ची जोडून झाली की ती स्वतः तिच्यावर बसायची, एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मगच कागदावर सही करायची. माझ्यावर मात्र तिने दोन गिरक्या घेतल्या. का घेतल्या, ते अजून कळलेलं नाही. मी आपली समजून चालते की मी तिला आवडले असणार.

तिथून मी ताथवड्याकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेले. तिथेच अवधूतची आणि माझी गाठ पडली. पाच वर्षं तो माझ्यावर बसून प्रोग्रॅम लिहीत होता. पुढे त्याने नोकरी सोडून स्वतःचा धंदा करायचं ठरवलं. त्याच सुमारास कंपनीने नवं फर्निचर घेतलं आणि आम्हा जुन्या खुर्च्यांना जिन्याखाली रचून ठेवलं. शेवटच्या दिवशी अवधूत डबा आणि कॉफीचा मग घेऊन निघाला होता. तो जिन्यापाशी थांबला, माझ्या हातावरचा शाईचा डाग त्याने ओळखला, आणि मला मागून घेतलं. मी टेंपोत बसून दिघीला आले. आयुष्यात पहिल्यांदा मीच कशावर तरी बसले होते, त्यामुळे तो प्रवास मला अगदी नीट आठवतो.

दिघीचं घर तीन खोल्यांचं, मिलिटरीच्या कुंपणापासून जवळच. अवधूत, त्याची बायको सुमेधा, पाच वर्षांची सलोनी आणि अवधूतचे वडील अर्जुनराव, असे चौघे तिथे राहत. सुमेधा शाळेत शिकवायची. अर्जुनराव तरुणपणी बीडकडून इकडे आले होते आणि भोसरीत तीस वर्षं, लोखंड गरगर फिरवत कापणाऱ्या लेथ मशीनपाशी उभे राहून निवृत्त झाले होते. ते माझ्यावर कधी बसत नसत. 'फिरत्या वस्तूवर बसायचं नसतं,' असं त्यांचं मत होतं. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाचं हे मत चुकीचं म्हणता येणार नाही.

अवधूतने एक वेबसाइट बनवली होती. तिचं नाव 'गाडी आली'. चाकणच्या कारखान्यांत कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या असतात ना, त्यातली आपली गाडी आता कुठे आहे, हे या वेबसाइटवर मोबाइलमध्ये दिसायचं. पहिल्या पाळीची माणसं पूर्वी पहाटे थंडीत अर्धा अर्धा तास उभी राहत. आता ती घरातच चहा पिऊन वेळेवर खाली उतरू लागली. चाकणच्या भीमराज नावाच्या बस ठेकेदाराने सगळ्यात आधी आपल्या गाड्या तिच्यावर घातल्या, आणि त्याचं बघून आणखी आठ ठेकेदार आले. अवधूतचा एका सभेत सत्कार झाला. शाल त्याने घरी येऊन माझ्याच पाठीवर टाकली. ती पुढे महिनाभर तिथेच होती. मला वाटलं, सत्कार माझाच झाला.

आता इथून माझ्या गोष्टीला वळण लागतं, म्हणून जरा नीट ऐका. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. शाळांची सुट्टी रविवारी. गुरुवारी बसगाड्या बंद असत, तेव्हा अवधूत म्हणे, 'आज गाड्या नाहीत, आजच दुरुस्त्या उरकतो.' शिवाय गुरुवारी सुमेधा आणि सलोनी शाळेत. रविवारी त्या दोघी घरी असत, तेव्हा गाड्या धावत असत आणि अवधूतचा फोन वाजत असे. एका घरात दोन सुट्ट्या असून एकही सुट्टी नाही, हे गणित मला बरेच दिवस सुटत नव्हतं.

त्यात कारखानेही सुट्टीची अदलाबदल करत. सण आला की गुरुवारी काम आणि त्याऐवजी दुसऱ्याच दिवशी सुट्टी, असा निरोप यायचा. मग गाड्यांचं सगळं वेळापत्रक बदलावं लागे. हे बदल ठेकेदारांना स्वतःला करता येतील अशी सोय अवधूतने केलीच नव्हती. भीमराज एकदा त्याबद्दल म्हणाला, तर अवधूतने हसून उत्तर दिलं, "तुम्ही कशाला त्रास घेता? मी आहे ना!"

"व्हय की," भीमराज म्हणाला. "तुमी हाय म्हणून तर आमी निवांत हाय, अवधूतशेठ."

ते ऐकून अवधूतची पाठ अशी ताठ झाली की माझी स्प्रिंग करकरली. कुणाला तरी आपल्यावाचून चालत नाही, ही गोष्ट माणसाला फार गोड लागते. साखरेसारखीच ती जास्त झाली की बाधते.

सलोनी सहा वर्षांची झाली आणि तिला प्रश्न पडू लागले. तिचे प्रश्न मला भारी आवडायचे. 'बस रिकामी परत येते, तेव्हा ड्रायव्हरकाका कुणाशी बोलतात?' 'मुंग्यांना सुट्टी गुरुवारी असते की रविवारी?' 'वेबसाइट झोपते का?' सुमेधा तिला म्हणायची, "हे सगळे बाबासाठी साठवून ठेव. रविवारी विचार." मग सलोनी रविवारी सकाळी बोटांवर प्रश्न मोजत माझ्या डाव्या हातापाशी येऊन उभी राहायची. एक बोट म्हणजे एक प्रश्न. उत्तर मिळालं की बोट मिटायचं.

सुरुवातीला दोन-तीन बोटं मिटायची. मग एक. मग अवधूत फोन कानाला लावून, दुसऱ्या हाताने 'थांब' अशी खूण करू लागला. सलोनी थांबायची. उघड्या बोटांचा तो पंजा माझ्या हातावर ठेवून थांबायची. आणि मित्रांनो, मीही थांबायचे, कारण मुंग्यांचं उत्तर मलाही हवं होतं! मला वळता येत होतं, पण वळवणारा हवा ना. मी आपल्याकडून होतं तेवढं केलं. एकदा अवधूत उठत नाही म्हणून मी हळूच खाली घसरले. त्याने खटका ओढून मला वर घेतलं आणि पुन्हा काम सुरू केलं.

एका रविवारी भीमराजचे दोन ड्रायव्हर आले नव्हते. फोनवर फोन चालले होते. सलोनी आली, पण तिचा हात मिटलेला होता.

"बोल बोल," अवधूत स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "पाच मिनिटं आहेत."

"काही नाही," ती म्हणाली. "आई विचारते, चहा हवा का?"

चहा आला, गार झाला. पुढच्या रविवारी ती आलीच नाही. त्याच्या पुढच्याही. मला फार चुकल्यासारखं होत होतं. अवधूतला मात्र बरं वाटत होतं. तो सुमेधाला म्हणालाही, "सलोनी किती समजूतदार झाली गं! आता कामात लुडबुड करत नाही."

सुमेधा वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं.

"अवधूत, तिने तुला काही विचारून चार रविवार झालेत," ती म्हणाली. "माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत. विचारायचं थांबवणाऱ्या मुलाला मी समजूतदार नाही म्हणत. त्याने माझा नाद सोडलाय, असं समजते. मला तुझ्या कामाचा राग नाही. पण तिचा तुझ्यावरचा भरवसा उडाला ना, तर तो कुठल्याच वेबसाइटवर परत मिळणार नाही."

अवधूतची पाठ माझ्यावर होती, म्हणून त्याला हे लागलं ते मला कळलं. ती आधी ताठ झाली, मग हळूहळू सैल पडली. मला त्याची फार दया आली. तो वाईट बाप नव्हता हो. त्याला फक्त उठता येत नव्हतं.

संध्याकाळी अर्जुनराव खोलीत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. सुमेधाचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं.

"आवधूत, आमच्या कंपनीत एक नेम होता," ते म्हणाले. "पाळी संपली तरी रिलीव्हर आल्याबिगर मशीन सोडायची नाही."

"तेच तर करतोय मी, आबा."

"पुरतं ऐक की लेकरा. रिलीव्हर आला की मात्र सोडायचीच. त्याला चार्ज द्यायचा. मशीनच्या खोडी सांगायच्या, कवा तापते, कुठला बोल्ट ढिला हाय. अन् मग घरला जायचं. तिथं घुटमळत उभं राहिलं तर साहेब शिव्या घालायचा. तू तर रिलीव्हरच ठेवला नाहीस. मग तुझी पाळी संपणार कवा?"

पुढच्या महिन्यात सांगवीची वर्षाली कामाला आली. तिने एका वाहतूक कंपनीत गाड्यांच्या वेळा सांभाळल्या होत्या. रविवारी काम करायला ती तयार होती, पण मंगळवारी तिला सुट्टी हवी होती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "सर, मी मंगळवारी नसेन आणि तुम्ही आजारी पडलात, तर वेळापत्रक कोण बदलणार?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न अवधूतला कुणीच विचारला नव्हता. मग त्याने आणि वर्षालीने तीन गुरुवार बसून ठेकेदारांना स्वतः बदल करता येतील अशी सोय केली. आणि चार्ज देण्यासाठी अवधूतने एका वहीत सगळ्या खोडी लिहून काढल्या. 'भीमराज पहिल्या फोनला निम्मं सांगायला विसरतो, दुसऱ्या फोनची वाट पाहावी,' हे पहिल्याच पानावर होतं.

अखेर तो रविवार उजाडला. वर्षाली माझ्यावर बसली. पाठ हलकी, पण भक्कम होती. बसताना तिने मला तिच्या उंचीला लावून घेतलं आणि उगाच एक छोटी गिरकी घेतली. अवधूत मागे उभा राहून तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होता. तेवढ्यात अर्जुनराव दारात आले.

"हल तिथनं," ते म्हणाले. "साहेब नाही, पर मी हाय शिव्या घालायला."

अवधूत दारापर्यंत गेला, तोच फोन वाजला. भीमराजच होता.

"अवधूतशेठ कुठं हायेत?"

"ते आज सुट्टीवर आहेत," वर्षाली म्हणाली. "मी वर्षाली. बोला, काय बदलायचंय?"

"सुट्टीवर व्हय? बरं बरं. मंग लिहून घ्या ताई, ते मोबाइलवर बदलायचं मला अजून जमंना."

एवढंच. एका मिनिटात काम झालं. दारात उभ्या अवधूतचा चेहरा पडला. आपल्यावाचून अडत नाही, हे कळणं सोपं नसतं, मित्रांनो. जिन्याखाली पडून राहिल्यावर तेच दुःख मलाही झालं होतं, म्हणून सांगते.

मधलं दार उघडं होतं. बाहेर सलोनी फरशीवर बसून चित्र रंगवत होती. अवधूत तिच्याजवळ खाली मांडी घालून बसला. त्याला खाली बसलेलं मी प्रथमच पाहत होते.

"काय विचारायचं होतं तुला?"

"काही नाही," सलोनी म्हणाली. मान वर न करता.

मला वाटलं, संपलं. आता हा उठेल आणि परत माझ्याकडे येईल. पण तो उठला नाही. तिचा हिरवा रंग संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "मी एक विचारू तुला? तो मोर सकाळी ओरडतो ना, मिलिटरीच्या कुंपणाकडून. तो कुंपणाच्या आत राहतो की बाहेर?"

सलोनीने मान वर केली. "बाबा, तुला माहीत नाही?"

"नाही."

"खरंच नाही?" ती बारीक डोळे करून बघत राहिली. "मलापण नाही माहीत."

"चल, बघून येऊ."

"आत्ता? आणि फोन?"

"फोन वर्षालीकडे."

तिने खडू तसेच टाकले. चपला घालण्याचा आवाज आला, जिन्यात दोन जोडी पावलं वाजली. सलोनी जिन्यातच विचारत होती, "मोराला कुंपण कळत असेल का रे बाबा? त्याला तर उडता येतं!" पुढचं मला ऐकू आलं नाही.

दीड तासाने दोघं परत आले. चपला धुळीने माखलेल्या, आणि दोघांचं जोरात भांडण चाललेलं. ते थेट स्वयंपाकघरात सुमेधाकडे गेले. नेमका इकडे फोन वाजला आणि वर्षालीने मधलं दार लावून घेतलं. मोर आत राहतो की बाहेर, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दाराआडून फक्त हसणं ऐकू आलं. माझ्यासारख्या चोंबड्या खुर्चीला असं अर्धवट ठेवणं हा अन्यायच आहे. पण खरं सांगते, इतका आनंद मला सत्काराच्या शालीनेही झाला नव्हता.

आताशा बरेचसे बदल ठेकेदार स्वतःच करतात, म्हणून मी रविवारी दुपारनंतर रिकामी असते. माझं रेक्झिन फाटलं आहे, एक चाक अडतं. मित्रांनो, तुमच्या घरातल्या खुर्चीची धूळ पुसत जा, चाकांत कधी तेलाचा थेंब सोडत जा. आणि तुमची आई किंवा बाबा फार वेळ तिच्यावर बसलेले दिसले, तर दारातूनच परत फिरू नका. जाऊन त्यांचा हात धरा आणि ओढा. आम्ही खुर्च्या कुणालाही तासन्‌तास बसवून ठेवू शकतो, पण उठवणं आमच्या हातात नाही. मला दोन हात आहेत, पाच चाकं आहेत, पण त्या एका कामाला तुमचेच हात लागतात.