कडक शॉकअप आणि सखुबाईंची कंबर

मी एक जुना शॉकअप आहे. जुना म्हणजे वयाने नव्हे हं, वय जेमतेम तीन वर्षं! पण पेणच्या तुळशीराम मिस्त्रींच्या गॅरेजात मी फळीवर पडून आहे, आणि एकदा गाडीतून काढलेल्या वस्तूला सगळे जुनीच म्हणतात. चाकाला बसलेला दणका वर बसलेल्या माणसापर्यंत जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. मित्रांनो, मी ते कसं केलं ते सांगतो. बढाई मारणार नाही, आणि चुकलो तिथे लपवणारही नाही.

माझा जन्म परमुलखातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला हजारदा दाबलं, हजारदा ताणलं, पण मी दाद दिली नाही. तपासणाऱ्याने खूश होऊन माझी पाठ थोपटली. वेगाने वळण घेताना गाडी कलंडू नये, रस्त्याला चिकटून राहावी, म्हणून आम्हाला मुद्दाम असं कडक घडवतात. माझ्या नशिबी तुकतुकीत रस्ता आहे, असं सगळे धरून चालले होते. मीही चाललो होतो. मग मला एका लालभडक, बुटक्या, दोनच सीटच्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या डाव्या चाकावर बसवलं, आणि बोटीत घालून आम्हाला इकडे आणलं.

नवी मुंबईच्या शोरूममध्ये परेश घरत आले. उरणकडच्या गावातले, मिठागरात राबलेल्या घरातले, आता स्वतःचे ट्रेलर बंदरावर चालवणारे. त्यांनी रंग पाहिला, आवाज ऐकला, दारं उघडून मिटून पाहिली. विकणारा मुलगा चांगला होता बिचारा. म्हणाला, "सर, एकदा चालवून तरी बघा. बसायला जरा कडक आहे."

"नको," परेश म्हणाले. "माझ्या आयेच्या आधी हिच्यात कोन बसनार न्हाय. मी पन न्हाय."

त्यांच्याकडे नव्या गाडीत बसायचा पहिला मान घरातल्या थोरल्या बाईचा. इतका मान, की परेशनी गाडी चालवतसुद्धा नेली नाही, ट्रकवर चढवून नेली! शिवाय त्यांचा हिशेब सोपा होता: गाडी जेवढी महाग, तेवढी मऊ. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला गंमत वाटली होती. आज लाज वाटते.

कारण ही गाडी ते मिरवायला घेत नव्हते. त्यांची आई सखुबाई. डोक्यावर मिठाची टोपली वाहून वाहून त्यांच्या मणक्यात गॅप पडली होती. माहेर तळा गावाजवळ, तिथे थोरली बहीण राहीबाई, आणि आठ वर्षांत दोघींची भेट नव्हती. दोन वर्षांपूर्वी घरच्या जीपमधून निघाल्या तर पेणहूनच कण्हत परत आल्या होत्या. आम्ही दारात आलो त्याच्या आदल्या दिवशी तळ्याहून फोन आला, की राहीबाईंना डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आहे, आता थोडेच दिवस आहेत, आणि त्या सारखं सखूचं नाव घेत आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फुटला. चाकाखाली लिंबं ठेवली. कंबरेला पट्टा बांधून सखुबाई नेमक्या माझ्या बाजूला बसल्या. गाडी हलली, लिंबू चिरडलं, आणि तेवढ्याशा लिंबाचाही दणका मी थेट त्यांच्या पाठीत पोचवला.

"परेश, खाली काय आला रे?"

"लिंबू, आये."

त्यांनी कंबरेचा पट्टा आणखी आवळला. परेशचा चेहरा मात्र तिथेच उतरला.

पेणपर्यंत कसंबसं निभावलं. पुढे रस्त्याची चाळण झालेली. परेशनी 'कम्फर्ट' लिहिलेलं बटण दाबलं. अहो, त्याने काय होणार! धोंड्याची फार तर वीट झाली. मी जीव तोडून दबायचा प्रयत्न केला, पण माझी घडणच तशी नाही. प्रत्येक खड्ड्याला सखुबाईंचे दात एकमेकांवर आपटायचे. कोलाडच्या पुढे परेशनी गाडी कडेला घेतली. त्यांचे डोळे भरले होते.

"आये, परत जाऊ. मना म्हाईतच नव्हतां गो. चुकलाच माझा."

"परत न्हाय जायाचां," सखुबाई म्हणाल्या. "बाय थांबलीय तिकडं. तू हलू चालव."

मग आम्ही बैलगाडीच्या चालीने निघालो. खड्डा दिसला की सखुबाई हात वर करायच्या, परेश थांबवायचे, त्या दाराला धरून उतरायच्या, खड्ड्यापलीकडे चालत जायच्या आणि पुन्हा बसायच्या. तळ्याच्या अलीकडे मात्र रस्ता उखडून नुसती खडी टाकलेली होती. सखुबाईंनी तिथे दार उघडलं ते पुन्हा आत बसायला नव्हे. पदर खोचला आणि चालायला लागल्या. बसण्यापेक्षा चालताना त्यांना कमी दुखत होतं. साडेतीन किलोमीटर! पुढे म्हातारी भर उन्हात, मागे आमची लाल गाडी पोट घासत. शर्यतीसाठी जन्मलेला मी, आणि एक सत्तरीची बाई मला गाठता येईना.

मोटारसायकलवरचे दोघे फोन काढून चित्रण करायला लागले. एकाने विचारलं, "आजी, गाडी बिघडली काय?"

"गाडी धड हाय," सखुबाई न थांबता म्हणाल्या. "कंबर बिघडलीय."

राहीबाईंचं घर रस्त्याला लागूनच. सखुबाई आत गेल्या. आम्ही अजून वळणावर होतो. अंगणात पोचलो तेव्हा उघड्या खिडकीतून राहीबाईंचा बारीक आवाज आला, "सखू, परेशनं गाडी घेतली म्हनं ना? आन तू चालत आलीस गो?"

"व्हय बाय. गाडी येतेय मागनं."

मग दोघी बहिणी अशा हसल्या, अशा हसल्या, की हसता हसता रडायला लागल्या. परेश अंगणातच उभे राहिले. आत जायचा त्यांना धीर होईना. मग सखुबाईंनीच हाक मारली, "ये रं, मावशीला भेट. तू आनलंस म्हनून तर आलू." मित्रांनो, माझ्यात तेल असतं, पाणी नसतं. नाहीतर मीही रडलो असतो.

सखुबाई तिथे पाठ टेकून दोन दिवस राहिल्या. परतताना आम्ही तुळशीराम मिस्त्रींकडे थांबलो. मिस्त्री कमी बोलणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "शेठ, आईसाठी घेतलीत, आणि आईला बसवून बघितलं नाय?" परेशनी मान खाली घातली. मिस्त्रींनी आम्हा चौघांना काढलं आणि मऊ शॉकअप आणवून बसवले. मग सखुबाईंना आत बसवून गॅरेजसमोरच्या खड्ड्यांतून फिरवलं. त्या "अजून न्हाय" म्हणाल्या, की पुन्हा जॅक लावायचा. चौथ्या फेरीला त्यांनी मान डोलावली.

त्यांच्या भेटीनंतर नऊ दिवसांनी राहीबाई गेल्या. त्यांच्या तेराव्याला सखुबाई त्याच गाडीतून गेल्या, अंगणापर्यंत बसून. हे मी फळीवरून मिस्त्रींच्या तोंडून ऐकलं.

मला काढलं याचा राग नाही. कुणी मला गुळगुळीत रस्त्यावर नेलं, तर अजूनही दाखवून देईन मी काय चीज आहे ते! पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कमवाल, घरच्यांसाठी हौसेने वस्तू घ्याल. घ्यायच्या आधी ज्याच्यासाठी घेताय त्याला तिच्यात बसवा, आपल्या गावच्या रस्त्यावरून फिरवा, आणि तो काय म्हणतो ते ऐका. तो मान आधी द्या, नारळ मागून फोडा. आठ वर्षांनी बहिणीला भेटायला निघालेली ती माउली माझ्यामुळे उन्हातून खडी तुडवत गेली. तुमच्या आईवर ही वेळ आणू नका.