उतरलेला तानपुरा

डॉक्टर दातांचे. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण बाहेरच्या खोलीतल्या रांगेने मांडलेल्या खुर्च्या आणि बत्तिशी दाखवून हसणाऱ्या बाईचं भलंमोठं चित्र त्यांनी काही हलवलं नव्हतं. आतली खोली, जिच्यातून एके काळी किंकाळ्या बाहेर यायच्या, तिथे आता माणसाच्या कंबरेएवढे दोन स्पीकर उभे होते. दर शनिवारी दुपारी चहाच्या सुमाराला तिथे चौघं जमत. डॉक्टर स्वतः, ग्रंथपालबाई, घड्याळजी आणि काटेबाई.

आल्याबरोबर चप्पल काढता काढताच पहिला प्रश्न व्हायचा, "काय, सध्या काय ऐकताय?" तब्येतीची चौकशी नंतर. ज्याने त्याने सांगायचं. कोणाचा आठवडा भूप ऐकण्यात गेलेला असायचा, कोणाला एखादी सरोदवादक नव्याने सापडलेली असायची, तर ग्रंथपालबाईंनी एकाच गायकाचा एकच मारवा सकाळ-संध्याकाळ ऐकून घरच्यांना हैराण केलेलं असायचं. मग ज्याची पाळी असेल त्याने आणलेलं लावायचं, आणि संपेपर्यंत कोण गातंय ते सांगायचं नाही. आधी मत, मग नाव. "मोठं नाव ऐकलं की कान झोपी जातात," असं डॉक्टर म्हणत. भूल देण्यात त्यांची हयात गेली होती, तेव्हा त्यांना ठाऊक असणारच.

काटेबाई हे काही आडनाव नव्हे. बाई पंख्यांच्या कारखान्यात तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. तयार झालेला प्रत्येक पंखा एका बंद खोलीत त्यांच्यासमोर फिरायचा, त्या डोळे मिटून बसायच्या आणि नुसता आवाज ऐकून म्हणायच्या, "हा जाऊ दे. हा परत पाठवा, घोंगावतोय." त्यांचा कान म्हणजे सोनाराचा काटा, म्हणून काटेबाई. तोच काटा त्यांनी गाण्याला लावला. शनिवारच्या मंडळींत त्यांनी "सूर लागला" म्हटलं की लागला आणि "नाही" म्हटलं की विषय मिटला.

त्या शनिवारी पाळी घड्याळजींची होती. हा माणूस मुळात मितभाषी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून इवलीशी चाकं चिमट्याने उचलायची सवय, त्यामुळे शब्दही तसेच एकेक उचलून ठेवणारा. त्या दिवशी मात्र जरा उत्साहात होते. जुनी टेप होती, ती त्यांनी दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणली होती. एका तरुण बाईचा यमन. मोकळा, निःसंकोच गळा.

संपल्यावर सगळ्यांनी नेहमीप्रमाणे काटेबाईंकडे पाहिलं.

"गळा छान आहे," काटेबाई म्हणाल्या. "पण तानपुरा उतरलाय. सुरुवातीपासून हेलकावे खातोय. सुरात कोणी मिळवला होता कोण जाणे, लक्षच नव्हतं त्याचं."

"हो ना, मलाही जरा वाटलंच," डॉक्टर म्हणाले.

"थोडासा डगमगतोय खरा," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"कोण आहेत हो या?" डॉक्टरांनी विचारलं.

घड्याळजींनी पेनड्राइव्ह काढून खिशात ठेवला. "घरगुती आहे. असंच," ते म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.

रात्रीच्या जेवणाआधी ग्रंथपालबाईंचा फोन आला. "अगं, काय बोलून बसलीस तू! ती त्यांची बायको होती. लग्नाआधीची टेप. आणि तानपुऱ्यावर कोण माहितीये का? हेच. घड्याळजी!"

काटेबाईंनी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"वहिनींनीच. आत्ता बाजारात भेटल्या. खुशीत होत्या बिचाऱ्या. घड्याळजींनी घरी जाऊन सांगितलंय, सगळ्यांना फार आवडलं, काटेबाईंनी तर मान डोलावली म्हणून. पुढच्या शनिवारी स्वतः येणार आहेत, तुझ्या तोंडून ऐकायला."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, या. भाजीची पिशवी उचलली आणि पळाले."

काटेबाईंना वाईट वाटलं, पण मनात एक टेकू होता. तानपुरा उतरलेला होता तर होता. गोड बोलून तो वर थोडाच चढणार? बोलायची रीत चुकली असेल, कान चुकला नव्हता. तो टेकू नीट बसवून घ्यावा म्हणून त्यांनी स्वतःची सगळ्यात आवडती तबकडी लावली. लग्नात वडिलांनी दिलेली, हजारदा ऐकलेली. तिच्यातल्या तानपुऱ्यावर त्या डोळे मिटून विसंबायच्या, दमलेल्या माणसाने घरच्या उशीवर मान टाकावी तशा.

तोही तानपुरा हेलकावे खात होता.

त्यांनी सुई उचलली, पुन्हा ठेवली. तेच. सूर लांबला की त्याच्या पोटात काहीतरी डुचमळायचं, जसा वर्तुळाबाहेर सरकलेला पंखा. दुसरी तबकडी लावली. तेच. तिसरी लावायला त्यांचा हात धजला नाही.

म्हणजे तानपुरे ठीक होते. उतरले होते ते त्यांचे कान.

चारच दिवसांपूर्वी लेकीने धरून नेऊन त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं बसवली होती. "आई, तू फोनवर नुसती 'हं हं' करतेस. मी परवा सांगितलं, जावई पडले जिन्यात, तर तू म्हणालीस, वा वा, छान झालं." यंत्रं बसली आणि बोलणं लख्ख ऐकू यायला लागलं, इतकं की शेजारणीचं स्वतःबद्दलचं मतही एकदा भिंतीतून ऐकू आलं. बसवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, सकाळी घालायची ती झोपतानाच काढायची, सवय व्हायला हवी. आणि हेही म्हणाल्या होत्या, "यंत्र नवीन काही घालत नाही हं आजी, जे आहे तेच मोठं करतं."

जे आहे तेच. हे वाक्य आता काटेबाईंच्या मनातून हलेना. त्यांनी यंत्रं काढून पाहिली, तर तबकड्यांच्या छोट्या पेटीतून तानपुऱ्याची नुसती कुजबुज. ना सरळ, ना वाकडी, काही कळण्यापलीकडची. म्हणजे दोष कानातच होता आणि यंत्राने तो फक्त मोठा करून दाखवला होता. गुडघे गेले तेव्हा त्या हसल्या होत्या, दात गेले तेव्हा डॉक्टरांशी त्यावरून विनोद केले होते. नवरा गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्याच तबकड्यांनी त्यांना सावरलं होतं. आता तबकड्यांवाचून काय करायचं? उरलेलं आयुष्य काय बातम्या ऐकायच्या?

आठवडाभर पेटी बंद राहिली. लेकीने फोनवर विचारलं, "आई, सध्या काय ऐकतेस गं?" तर काटेबाई म्हणाल्या, "तुझी बडबड."

शनिवारी त्या ठरवून लवकर निघाल्या. वहिनी यायच्या आत घड्याळजींना बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं, तुमचं काही चुकलं नाही, माझेच कान गेले. आणि पुढच्या शनिवारपासून यायचं बंद. काटाच बिघडला म्हटल्यावर दुकानात ठेवायचा कशाला?

पण दार उघडलं ते वहिनींनीच.

"या या काटेबाई! तुमचीच वाट बघतेय," वहिनी म्हणाल्या. आवाज घोगरा, खरखरीत. पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभं राहून मुलांवर ओरडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि नोकरीबरोबर गळाही. "म्हटलं, एकदा तुमच्यात बसून ऐकावं स्वतःला. तुम्ही मान डोलावलीत म्हणे!"

काटेबाईंनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी भिंतीवरच्या बत्तिशीकडे पाहिलं. माणूस आठवड्यात उतरला होता.

"यांना काय झालंय कळत नाही," वहिनी सांगतच होत्या. "माळ्यावरून तानपुरा काढलाय. बसतात खुंट्या पिळत. म्हणतात, मला सूर कळतो की नाही ते बघतोय. म्हटलं, अहो, आता या वयात काय अरंगेत्रम करणार?"

"लावा, लावा," डॉक्टर घाईघाईने म्हणाले, कारण त्यांना दुसरं काही सुचेना.

तानपुरा सुरू झाला, आणि हेलकावेही. काटेबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. समोर वहिनी, हनुवटीखाली मूठ ठेवून ऐकत होत्या, आपल्याच तरुणपणाकडे अंमळ कौतुकाने बघत. संपलं की त्या वळणार आणि विचारणार. काय सांगायचं? खोटं बोललं तर घड्याळजींना कळणार, खरं बोललं तर वहिनींना.

इतक्यात डाव्या कानात टुंग टुंग वाजलं आणि यंत्र मेलं. सेल संपला होता. आठवडाभर त्यांचं कशात लक्ष नव्हतं, सेल कोण बदलतंय!

काटेबाई डावा हात कानाकडे नेता नेता थांबल्या. काहीतरी विचित्र झालं होतं. उजव्या कानात तानपुरा तसाच डुचमळत होता. पण डाव्या बाजूला, लांबून, बारीकसा, दुसराच एक तानपुरा वाजत होता. हलत नव्हता.

कारखान्यात असं झालं की त्या पंख्याच्या जवळ जायच्या. त्या उठल्या. सरळ स्पीकरपाशी गेल्या, गुडघे कुरकुरले तरी खाली बसल्या आणि डावा कान जाळीला लावला. मग उजव्या कानातलं यंत्र ओढून काढलं आणि मान वळवून तो कान लावला.

"अगं, पडशील!" ग्रंथपालबाई ओरडल्या. ते काही काटेबाईंना ऐकू आलं नाही. त्यांना ऐकू येत होता तो फक्त तानपुरा. चार तारा, एकीच्या खांद्यावर एकीने हात ठेवून उभ्या राहाव्यात तशा, आणि त्यांच्यामधून निघालेला तो अखंड, तुळतुळीत, सरळ सूर. कुठे केसाएवढीही चीर नाही. त्यांनी कान हलवला नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेही पुसलं नाही. संपूर्ण यमन त्या तिथेच, दातांच्या दवाखान्याच्या फरशीवर बसून राहिल्या.

संपल्यावर डॉक्टरांनी आणि वहिनींनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उठवलं. एक यंत्र पुन्हा कानात घातल्याशिवाय काही बोलणंच शक्य नव्हतं, तेव्हा ते घातलं.

"घड्याळजी," त्या म्हणाल्या, "इतका सुरेल मिळवलेला तानपुरा मी फार थोड्या वेळा ऐकलाय. गेल्या शनिवारी मी म्हटलं तो उतरलाय. तो उतरलेला नव्हता. हे, हे माझ्या कानातलं डबडं त्याला झुलवत होतं. आणि मी ते तुमच्या माथी मारलं."

"म्हणजे तुम्ही मान डोलावली नव्हती?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "म्हणून खुंट्या पिळत होतात होय? अहो, मला सांगायचं ना! तानपुरा काही उतरला नव्हता. त्या दिवशी तासभर मिळवत बसला होतात तुम्ही. माझे वडील बाहेरून विचारायला लागले, आत गाणं चाललंय की सुतारकाम!"

घड्याळजी भिंग नसलेल्या डोळ्याने एकदा बायकोकडे, एकदा काटेबाईंकडे बघत राहिले. "मला वाटलं," ते सावकाश म्हणाले, "त्या म्हणतात म्हणजे असेल."

"तेच तर," काटेबाई एकदम उसळल्या. "मी म्हटलं म्हणजे असेल? आणि डॉक्टर, तुम्ही काय ऐकलंत हो? 'मलाही जरा वाटलंच'?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "मला खरोखर वाटलं होतं. शपथेवर."

"तुम्हाला ती म्हणाली असती की मागे हत्ती ओरडतोय, तर तोही ऐकू आला असता," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"आणि 'थोडासा डगमगतोय खरा' कोण म्हणालं?" काटेबाईंनी विचारलं.

"मी सभ्यपणाने म्हटलं होतं," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांत आधी वहिनी हसल्या, तलावाच्या काठावरचं हसू. मग कोणालाच आवरेना.

सोमवारी काटेबाई यंत्रवाल्या बाईंकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. लांबलेला एकसारखा सूर आला की यंत्राला वाटतं आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ते ती दाबायला धावतं. म्हणून हेलकावे. गाण्यासाठी वेगळी सोय असते, बटण दाबलं की यंत्र सुराच्या वाटेला जात नाही.

"पण आजी, तुम्ही गाणं ऐकता हे आधी बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, टीव्ही ऐकू येतो का, फोन ऐकू येतो का, दाराची घंटा ऐकू येते का. गाण्याचं कुठे विचारलंत?"

बाईंनी बटण दाखवलं. काटेबाई घरी आल्या, पिशवी न उतरवता पेटीचं झाकण उघडलं आणि वडिलांची तबकडी लावली. मग खुर्चीत बसल्या. सूर सरळ होता. तो तसाच राहिला, लांबला तरी तसाच राहिला. काटेबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच्या मागोमाग त्यांना आठवलं की सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही.

पुढच्या शनिवारी वहिनीही आल्या, आता त्या नेहमीच येणार होत्या. काटेबाई चप्पल काढत असतानाच डॉक्टरांनी विचारलं, "काय काटेबाई, सध्या काय ऐकताय?"

"यांच्या टेपची दुसरी बाजू," काटेबाई म्हणाल्या आणि घड्याळजींकडे हात पुढे केला. "आणा. आणि आज माझं मत सगळ्यांत शेवटी. आधी तुम्ही बोलायचं. स्वतःच्या कानाने."

डॉक्टर एकाएकी फार गंभीर होऊन चहा गाळायला लागले.