फकिराने वाटलेला गूळ

बंजाऱ्यांच्या तांड्यात गूळ उगाच कोणी वाटत नाही. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक बसलाय, मुलाकडची मंडळी समोर आहेत आणि मुलीच्या बापाने गूळ वाटला, की सगाई पक्की. मग माघार नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. फकिराला मात्र त्या दिवशी आनंदाच्या भरात काही सुचेनासे झाले होते.

त्याची ममता फुटबॉल खेळते, तेही पगारावर. पुढच्या फळीत, गोल मारायचे काम. गेल्या हंगामात गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि क्लबने तिला नारळ दिला. नंतरचे आठ महिने ती दारव्ह्याच्या मैदानावर एकटीच घाम गाळत होती. अशात तिला बघायला उमरखेडकडचे पाहुणे घेऊन नायक डोंगरसिंग न सांगता दारात हजर! पाहुणे चहा पीत असतानाच फोन वाजला. बंगळुरूच्या एका क्लबने ममताला घेतले होते. सोमवारी हजर व्हायचे होते. फकिरा घरात धावला, गुळाची ढेप फोडली आणि दिसेल त्याच्या हातावर खडा ठेवत सुटला. पाहुण्यांनी खाल्ला, नायकाने खाल्ला, आणि हात पुसत पाहुण्यांनी लग्नाची तारीखच विचारली.

संध्याकाळी तांड्याचे पंच बसले. ममताला दाराशी थांबायला सांगितले होते. ती सरळ मधे येऊन बापाशेजारी बसली.

"गूळ खाल्ला गेला," डोंगरसिंग म्हणाला. "आता शब्द फिरत नाई."

"बानं माह्या नोकरीचा गूळ वाटला, नायक. सगाईचा हाय का, हे तुमी काहून नाई इचारलं?"

"गुडघा गेला तुया. आता किती दिवस उड्या मारशीन?"

"जमतीन तितके."

कोणीतरी खुसकन हसले. डोंगरसिंग कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने आवाज मऊ केला. "बरं. हात जोडून म्हण, बापाची चूक झाली, माफ करा. मंग जा कुठंबी."

फकिराने तर हात जोडलेही. तेवढे एक वाक्य म्हटले असते तर सगळे तिथेच मिटले असते, आणि खरे सांगायचे तर तुम्हीआम्ही ते म्हटलेच असते. ममताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बापाचे जोडलेले हात धरून खाली केले.

"माह्या बाले आनंद झाला, त्याची माफी मांगू? नाई मांगत. आन् सोमवारी मी जातोच."

"मंग माही जीप तुले नाई," नायक म्हणाला.

तांड्यातून दारव्ह्याला जाणारी जीप ती एकच. शनिवारी सकाळी ममता पायीच निघाली. बॅग फकिराच्या डोक्यावर होती. अर्धा रस्ता सरला आणि मागून हॉर्न वाजला. जीप भरलेली होती, पुढच्या सीटवर खुद्द डोंगरसिंग. रस्ता एका गाडीपुरताच, दोन्ही बाजूंनी कपाशी. फकिरा सवयीने बॅगेसकट कपाशीत उतरला. ममता मधोमध चालत राहिली.

"ए पोरी, सरक!" डोंगरसिंग ओरडला.

तिने मागे वळूनही पाहिले नाही. हॉर्न कोकलत राहिला. फकिराने एकदा नायकाकडे पाहिले, एकदा लेकीकडे, आणि तो पुन्हा रस्त्यावर चढून तिच्या शेजारी चालू लागला. दारव्ह्याच्या स्टँडपर्यंत नायकाची जीप त्या दोघांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये आली.