उकंडराव पाटलांचा खंडोबा

धामणगाव बढ्याजवळच्या खेड्यात उकंडराव पाटील दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून इंग्रजाला असा झोडपत, की तो ऐकायला नाही याचं पोरांना वाईट वाटे. पस्तीस साली मात्र याच पाटलांनी इंग्रज राजाच्या ज्युबिलीत जयजयकार करवला होता. साहेबानं त्यांच्या छातीवर चांदीचं पदक लावलं. त्यावर राजाराणी शेजारी शेजारी. राजा किती दयाळू आहे हे पाटलांनी पदक दाखवत गावोगाव सांगितलं.

बेचाळीस साली वारं फिरलं. पाटलांनी खादी घेतली आणि पदक देवघरात, देवांच्या मागं सारलं. त्याच साली सत्यभामाबाई लग्न होऊन घरात आल्या. सांगायला सासू नव्हती. चांदीवर जोडपं दिसलं. पाटलांचं कुलदैवत खंडोबा, म्हणजे हा खंडोबा-म्हाळसेचा टाकच. त्यांनी हळद लावून तो पुढं बसवला. पाटलांना सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता वीस वर्षं राजावर हळद चढत गेली, त्याला नैवेद्य गेला.

आता महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. चंपाषष्ठीला गावच्या बाया एस.टी.नं जेजुरीला निघाल्या. टाक देवाच्या भेटीला न्यायचे, तिथं पुजारी ते घासूनपुसून घेणार. हळद निघाली की राजा दिसणार, हे पाटलांच्या ध्यानात आलं. शेवटी खाली बघत त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

सत्यभामाबाई उठल्या. चिंच घेऊन टाक घासत बसल्या. हळद सुटली, तशी राजाची दाढी वर आली.

"आपला मोतीराम तापानं फणफणला होता," त्या म्हणाल्या, "तवा म्या याच्यापुढं पदर पसरला. तुमी मांगंच उभे होते ना?"

"हाव."

"मंग काऊन नाई बोलले?"

पोराचा ताप उतरला, आता कशाला, असं तेव्हा पाटलांना वाटलं होतं. झेंड्याखाली तासभर चालणारी जीभ घरात हलेना.

बाईंनी पदक पुसून त्यांच्या हातावर ठेवलं. तेवढ्यात दारातून शेजारच्या तानाबाईनं हाक दिली, एस.टी. फाट्यावर आली, टाक घेतला का म्हणून.

पाटलांनी मूठ धोतराआड नेली. आता गावभर होणार.

"आमच्या घरी देव घडवाचाच राह्यला, तानाबाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी रिकामीच येतो. तिथं सोनाराकडून करून आनीन."

पिशवी उचलून त्या निघाल्या. नवऱ्याची लाज त्यांनी राखली होती. पण जाताना त्यांच्याकडं पाहिलं नाही.