ओसरीवरची सायकल

पुण्याहून आलेली सायकल एसटीच्या टपावरून खाली उतरली, तेव्हा शेवगावच्या स्टँडवर सगळ्यांनी एकच विचारलं, हिचं मागचं चाक कुठं राहिलं? गोरक्षनाथनं समजावून सांगितलं. ही जागच्या जागी चालवायची, वयस्कर माणसांच्या व्यायामासाठी. हातगाडीवरून ती घरी पोचायच्या आत ही बातमी त्याच्या वडिलांच्या, सूर्यभान पैलवानांच्या कानावर गेली होती.

"वयस्कर म्हंजे कोन?" त्यांनी खुर्चीतूनच विचारलं.

"अण्णा, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना?"

डॉक्टर काय म्हणाले ते पैलवानांना पाठ होतं. नगरला नेऊन दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले होते. आतली गादी झिजली, डॉक्टर म्हणाले. बैठका बंद, मांडी घालून बसणं बंद, अंगावर वजन घेणं बंद. पण नुसतं बसून राहिलात तर वर्षभरात अंथरूण धराल. गुडघ्यावर भार न टाकता पाय हलते ठेवा. ते कसे ठेवायचे, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. गोरक्षनाथनं मग चौकशा केल्या. पायानं ताणायची, भिंतीच्या हुकाला अडकवायची स्प्रिंग आणून पाहिली, ती पैलवानांनी एका झटक्यात ताणली आणि हुकातून उपटून काढली. शेवटी पुण्यात एका घरातलं सामान विकायला निघालं होतं, त्यात त्याला ही सायकल मिळाली.

ज्या माणसानं काष्टीच्या फडात भल्याभल्यांच्या पाठीला माती लावली, त्याला मुलानं दोन्ही काखांत हात घालून सायकलवर चढवलं. उतरताना पाय जमिनीला पोचावेत म्हणून सीट अगदी खाली घेतली होती. पैलवानांनी पायडल मारलं. गुडघा छातीपाशी आला आणि आत कुणी तरी सुरी फिरवावी तशी कळ गेली. ते दात आवळून मारत राहिले.

त्या साली पाऊस झालाच नव्हता. गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं, आणि गोरक्षनाथ त्याच कामावर ओव्हरसियर होता. संध्याकाळी खडी फोडून परतणाऱ्या बायका पैलवानांच्या दारावरूनच जायच्या. दुसऱ्या दिवशी त्या थबकल्या. डोक्यावर रिकामी घमेली, पापण्यांवर पांढरी धूळ. त्यांतली छबूबाई पुढं आली आणि पदराआड हसत म्हणाली, "पैलवान, कुठल्या गावाला निघालात?"

सगळ्या हसल्या. वाईट बुद्धीनं नव्हे, दिवसभर हसायला काही मिळालं नव्हतं म्हणून. पण पैलवानांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. ते खांब धरून खाली उतरले, हँडलला धरून सायकल आडवी लोटून दिली आणि मुलगा येईपर्यंत तसेच खांबाला टेकून उभे राहिले.

"हे उचल. आनि आनलंय तिथं नेऊन टाक."

"काय झालं, अण्णा?"

"काय झालं? तालुका सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन खडी फोडतोय. तू दिवसा त्यांच्या खडीचे ढीग मोजतोस, आनि सांजच्याला तुझा बाप त्यांच्यासमोर घाम गाळायचं सोंग करतो! ह्या पायानं पानी उपसत न्हाई, पीठ दळत न्हाई, काय बी करत न्हाई. मला नागवा करून वेशीत उभा केला असतास तर बरं हुतं."

"मग काय करणार आहात? नुसते बसणार?"

"बसनार न्हाई. माझी जोडी फिरवनार."

जोडी म्हणजे बाभळीच्या लाकडाचे दोन मुद्गल. पैलवानांनी विशीत स्वतःसाठी करून घेतलेले, मुठीपाशी हाताच्या घामानं काळे पडलेले. एकेक उचलायला दोन्ही हात लागावेत, असे. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर ते अंगणात उभे राहिले आणि एक मुद्गल खांद्यावरून पाठीमागं सोडला. खांदा अजून खांदा होता. एक फेरा झाला, दुसरा झाला. तोंडावर जुनं तेज आलं. गोजरबाई, त्यांची बायको, पाण्याची कळशी घेऊन मागल्या बाजूनं येत होती. पुढच्या फेऱ्याला उजवा गुडघा कागदासारखा दुमडला. पैलवान कोलमडले, मुद्गल हातातून सुटला आणि गोजरबाईच्या मनगटावर आदळला.

ती ओरडली नाही. कळशी फुटल्यासारखा आवाज झाला, पण कळशी तांब्याची होती.

दवाखान्यात प्लास्टर घातलं. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. गोरक्षनाथ आईला घरी घेऊन आला, दोन्ही मुद्गल हातगाडीत टाकले आणि तालमीत देऊन आला.

"कुनाला विचारून दिलेस?" पैलवानांनी दारातच विचारलं.

"आईच्या हाताला विचारून."

"त्या वस्तू माझ्या हैत. मी अजून मेलो न्हाई!"

"तुम्ही नाही मेलात. आज ती मेली असती. डोक्यात बसला असता म्हणजे?"

"तू माझ्याफुडं आवाज चढवतोस?"

"चढवतो. लहानपणापासून ह्या घरात तुमच्या रागाखाली वाकून चाललोय आम्ही. आता बास."

पैलवानांचा हात उठला. पण पुढं पाऊल टाकायला गुडघा तयार नव्हता, आणि हात तसाच हवेत राहिला. तो खाली कसा घ्यावा हेही त्यांना कळेना. शेवटी त्यांनी चौकट धरली. गोरक्षनाथ बाहेर निघून गेला.

पुढचे दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. सून जेवण वाढायची, ताटाचा आवाज व्हायचा, तेवढाच. आणि सकाळी खरी पंचाईत व्हायची. इतकी वर्षं पैलवानांना अंथरुणावरून, परसातून, मोरीतल्या पाटावरून गोजरबाई उठवायची. त्या भांडणानंतर मुलाला ते हात लावू देईनात, सुनेचा तर प्रश्नच नव्हता. आता एका सकाळी ते मोरीत बसले ते बसलेच. भिंतीला नखं लावून पाहिली. दोनदा उठले, दोनदा खाली आपटले.

"अगं, हात दे."

गोजरबाई मोरीच्या दारात आली. गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात तिनं पुढं केला.

"हा देऊ? घ्या."

पैलवानांनी मान खाली घातली.

"बोला की आता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण असा आवाज त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "त्या बाया हसल्या म्हनून लाज वाटली. मी रोज ह्या मोरीतनं तुमाला वढून काढते, तवा न्हाई वाटली? माझ्या कमरेत कळ उठती, वाकता येत न्हाई, कुनाला सांगितलं का मी? तुमचं वजन मीच उचलायचं व्हय जलमभर? तुमी पैलवान, आनि जोर मी काढायचा!"

"गोजरे..."

"गोजरे बिजरे काय न्हाई. पायानं पानी उपसत न्हाई म्हनलात. नका उपसू. स्वतःला उपसा. तेवढं केलंत तरी माझ्यावर लई उपकार हुतील."

आणि ती निघून गेली. पैलवान ओल्या फरशीवर बसून राहिले. त्यांना आधी तिचा राग आला, मग मुलाचा, मग डॉक्टरचा. सगळ्यांवर रागवून झाल्यावर कुणी उरेना, तेव्हा ते पालथे झाले, हातावर जोर देत, रांगत उंबऱ्यापर्यंत आले आणि चौकटीला धरून उभे राहिले.

त्याच दिवशी त्यांनी बाबाजानला बोलावणं धाडलं. बाबाजानचं स्टँडजवळ सायकलचं दुकान. तरुणपणी दोघांनी एकाच तालमीतली माती अंगाला लावलेली. तो पाने आणि तेलाची बुधली घेऊन आला. सायकल अजून ओसरीवर तशीच आडवी पडली होती.

"मोडून टाकायचीय का, पैलवान?"

"बसायचंय. पन हिनं गुडघा खाल्ला माझा. वाकला की कळ जाती. सरळ ऱ्हायला तर न्हाई जात. तवा ढुंगन वर घे माझं."

बाबाजाननं सीट वर घेतली. पैलवान म्हणाले, अजून. त्यानं अजून घेतली. पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हायला लागला. पण आता चढायचं कसं? सीट पार कमरेपाशी आली होती.

"स्टूल आनू?"

"स्टुलावरनं पडलो म्हंजे तू उचलनार हाईस का?" पैलवान खेकसले. मग त्यांनी ओसरीकडं, अंगणाकडं, ओट्याकडं पाहिलं. "खाली अंगनात घे. ओट्याला चिकटून लाव. ओट्यावरनं सरळ टांग टाकतो."

तसंच केलं. चाकाला घासणारा पट्टा बाबाजान घट्ट करू लागला, म्हणाला, जरा जोर लागू दे. पैलवानांनी तो ढिला करायला लावला. इतक्या वर्षांत स्वतःसाठी त्यांनी पहिल्यांदाच हलकं काही मागितलं होतं, आणि ते मागताना त्यांचं तोंड कडू झालं. पायडल फिरलं. कळ आली, पण सुरीसारखी नाही. चावऱ्या बुटासारखी.

अंगण रस्त्यालगत होतं. संध्याकाळी बायका गेल्या. पैलवानांनी कुणाकडं पाहिलं नाही. कपाळावरची शीर फुगवून, एखाद्याला चीत करायचं असावं तसे ते पायडल मारत होते. बायकांनीही त्या दिवशी काही विचारलं नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हा ते मोरीतून भिंतीच्या आधारानं एकटे उठू लागले. गोजरबाईचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच राहिलं. तिनं थापलेली भाकरी एका बाजूला जाड व्हायची. पैलवान ती जाड बाजू आधी खायचे, आणि गोजरबाई बघायची. शाबास असं ती कधी म्हणाली नाही.

गोरक्षनाथशी बोलणं सुरू व्हायला आणखी वेळ लागला. एका सकाळी तो कामावर निघाला असता पैलवानांनी त्याला अंगणात थांबवलं.

"जोडी तालमीतच ऱ्हाऊ दे."

"बरं."

"पन विचारायला पायजे हुतंस."

गोरक्षनाथनं विचारलं, "तुम्ही दिली असती?"

"न्हाई."

"मग?"

"तरी बी विचारायला पायजे हुतंस," पैलवान म्हणाले, आणि ओट्यावर चढायला वळले. गोरक्षनाथचा हात सवयीनं पुढं आला. त्यांनी तो बाजूला सारला, ओट्याची कड धरली आणि एकेक पाय वर घेतला.